वाचकांचे प्रश्न : कडाक्याच्या थंडीत चालणारा चिलर

बाहेरचे तापमान शून्याच्या आसपास किंवा त्याखाली असताना चालवायच्या चिलरविषयी (फेऱ्यातले पाणी थंड करणाऱ्या यंत्राविषयी) या वेळी बरीच पत्रे आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. उदाहरणांतले आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या यंत्रासाठी नेमप्लेट आणि निर्मात्याची पुस्तिका यांचाच शब्द अखेरचा धरावा. पॅनेलमधले काम परवानाधारक वायरमननेच करायचे आहे.

प्रश्न : आमचा एअर-कूल्ड चिलर उन्हाळ्यात उत्तम चालतो. बाहेरचे तापमान ५ अंशांच्या खाली गेले की सुरू होताच मिनिटाभरात ‘लो प्रेशर’वर ट्रिप होतो. दोनदा गॅस भरला, गळतीही शोधली. काहीच सापडत नाही.

उत्तर : आधी गॅस भरणे थांबवा. गळती सापडत नाही, कारण बहुधा ती नाहीच. दोष कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेरच्या हवेत सोडणाऱ्या कॉइलच्या, बाजूला आहे : थंड हवेत तो गरजेपेक्षा फार जास्त काम करतो आणि त्याच्यातला दाब कोसळतो.

एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून गॅस पुढे ढकलला जातो तो दोन बाजूंच्या दाबांतल्या फरकामुळे. आर-१३४ए हा गॅस घेऊ. कंडेन्सिंग तापमान ४० अंश असताना दाब सुमारे १०.२ बार (निरपेक्ष), आणि बाष्पकात, म्हणजे पाणी थंड होते त्या भागात, २ अंशांना सुमारे ३.१५ बार. फरक ७ बारचा. थंडीत पंखे पूर्ण वेगाने चालू राहिले आणि कंडेन्सिंग १२ अंशांवर आले, तर वरचा दाब ४.४ बार राहतो. फरक उरतो जेमतेम १.३ बार. व्हॉल्व्हमधला प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे तो निम्म्याहूनही खाली येतो. बाष्पक उपाशी राहतो, सक्शनचा (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा) दाब पडतो आणि लो प्रेशर स्विच आपले काम चोख करतो. दाब आणखी पडला की गॅसचे तापमान शून्याखाली जाते आणि प्लेट बाष्पकाच्या अरुंद वाटांमधले पाणी गोठू लागते. म्हणून त्या स्विचवर राग काढू नका.

उपाय एकच : थंडीतही कंडेन्सरचा दाब वर धरून ठेवायचा. त्याच्या वाटा तीन. पहिली, दाबानुसार एकेक पंखा बंद-चालू करणे. ही स्वस्त आणि सोपी आहे. पण प्रत्येक वेळी दाब उसळतो आणि व्हॉल्व्ह डोलत राहतो, त्यामुळे शून्याच्या आसपासपर्यंतच ती समाधानकारक ठरते. दुसरी, पंख्यांचा वेग बदलणे : थ्री-फेज मोटरला व्हीएफडी (विजेची वारंवारता बदलून वेग बदलणारे उपकरण), नाहीतर ईसी पंखे (वेगाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण मोटरमध्येच असलेले). वर्षभर चालणाऱ्या बहुतेक यंत्रांना आम्ही हीच सुचवतो. सिंगल-फेज मोटरवर फेज कापणारा रेग्युलेटर लावायचा असेल, तर मोटर त्यासाठी बनलेली आहे याची खात्री करा. नाहीतर कमी वेगात ती तापून जळते. तिसरी वाट फार कडक थंडीसाठी आहे. हेड प्रेशर व्हॉल्व्ह कंडेन्सरमध्ये द्रव गॅस साचवून ठेवतो आणि त्याचा काही भाग झाकून टाकतो. याला जास्तीचा गॅस लागतो, आणि उन्हाळ्यात तो सगळा परत मावेल एवढा रिसीव्हरही (द्रव गॅसची टाकी) लागतो. रिसीव्हर ८० टक्क्यांहून अधिक भरता कामा नये. फक्त व्हॉल्व्ह लावून रिसीव्हर तोच ठेवला, तर थंडीतला दोष जाऊन उन्हाळ्यातला ‘हाय प्रेशर’ हाती येतो.

पंख्यांचे नियंत्रण दाबाच्या सेन्सरवर ठेवा, केवळ बाहेरच्या तापमानावर नको. पंखे सगळे बंद असतानाही वारा थेट कॉइलमधून वाहत असेल, तर दाब पडतच राहतो. नियंत्रकाच्या हातात तेव्हा काहीच उरत नाही. म्हणून बसवतानाच कॉइलची बाजू नेहमीच्या वाऱ्याच्या समोर न ठेवता त्याला समांतर ठेवावी आणि निर्मात्याने दिलेले वारारोधक पत्रे लावावेत. घरी बनवलेल्या पत्र्याने उन्हाळ्यात हवा कोंडते. पाया त्या ठिकाणी साचणाऱ्या बर्फाच्या थरापेक्षा उंच हवा.

सुरू होतानाचा क्षणिक पडाव टाळण्यासाठी बऱ्याच नियंत्रकांत लो प्रेशर स्विच साधारण १ ते २ मिनिटे दुर्लक्षित ठेवणारा ‘विंटर स्टार्ट’ टायमर असतो. तो वापरा. मात्र पाणी गोठण्यापासून वाचवणारा सेन्सर त्या काळातही जागा असला पाहिजे.

राहिला दोनदा भरलेला गॅस. थंडीत दाब कमी असल्याने साइट ग्लासमध्ये (गॅसच्या पाइपवरच्या काचेच्या खिडकीत) बुडबुडे दिसतातच; त्यावरून गॅस कमी आहे असे ठरवता येत नाही. सगळा गॅस काढून नेमप्लेटवरच्या वजनाइतका तोलून भरा. हे काम उन्हाळ्यापूर्वीच करायला हवे.

प्रश्न : चिलरला एकच मुख्य केबल येते. मोठ्या सुट्टीत आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करतो. हीटरसाठी वेगळी लाइन ओढण्याचा सल्ला मिळाला आहे. हा खर्च खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर : आवश्यक आहे. थंडीत यंत्र चालू असते तेव्हा फारसे बिघडत नाही, कारण पाणी फिरत असते आणि तेल गरम असते. नुकसान होते ते यंत्र बंद असताना.

बंद चिलरमध्ये गॅस सर्वांत थंड जागेकडे सरकत जातो. ती जागा कॉम्प्रेसर असेल, तर गॅस तिथल्या तेलात विरघळतो. सुरू करताच दाब पडतो, गॅस उकळतो, तेलाचा फेस होतो आणि बेअरिंग कोरडे पडते. द्रव गॅस सिलिंडरमध्ये किंवा स्क्रोलमध्ये शिरला तर तोडफोडच होते. कॉम्प्रेसरमधले तेल गरम ठेवणारा क्रँककेस हीटर यासाठीच असतो. कॉम्प्रेसर बंद असताना तो चालू हवा. म्हणून त्याची वायर कॉम्प्रेसरच्या काँटॅक्टरवरील (कॉम्प्रेसरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवरील) नॉर्मली-क्लोज, म्हणजे कॉम्प्रेसर बंद असताना जोडलेल्या, संपर्कातून घेतात. वीज बराच काळ बंद राहिली असेल, तर हीटर निदान २४ तास चालल्यावरच यंत्र सुरू करावे. तेलाचा तळ भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे १० अंश गरम लागला पाहिजे.

दुसरा हीटर बाष्पकावर, तिसरा पाण्याच्या पाइपवर गुंडाळलेली तापकेबल, चौथा पॅनेलमध्ये. मुख्य आयसोलेटर खाली केला की चारही झोपतात, आणि नेमक्या सर्वांत थंड रात्री. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते; तांब्याची नळी किंवा जोडलेली प्लेट त्यापुढे टिकत नाही. फुटलेल्या प्लेटमधून पाणी गॅसच्या बाजूला गेले, तर कॉम्प्रेसरही जातो.

तेव्हा हीटरसाठी स्वतंत्र सर्किट, स्वतंत्र ब्रेकर. पण यातून एक नवा धोका उभा राहतो आणि तो आम्हाला हीटर बंद पडण्याइतकाच गंभीर वाटतो : मुख्य आयसोलेटर बंद करून कुणी पॅनेल उघडेल, आणि आत हीटरची वायर जिवंत असेल. म्हणून हीटरचा आयसोलेटर मुख्याच्या शेजारीच, कुलूप लागणारा बसवा. दरवाजावर ‘या पॅनेलला दोन ठिकाणांहून वीज येते’ असे ठळक लिहा. आतले हीटरचे टर्मिनल वेगळ्या रंगाच्या झाकणाखाली ठेवा. काम करताना दोन्हींना कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. मग टेस्टर आधी जिवंत लाइनवर तपासा, नंतर कामाच्या प्रत्येक टर्मिनलवर, शेवटी पुन्हा जिवंत लाइनवर. व्हीएफडी असेल तर त्यातले कपॅसिटर रिकामे व्हायला लेबलवर लिहिलेली मिनिटे थांबावे लागते; वीज तोडली म्हणजे ते लगेच सुरक्षित होत नाहीत.

तापकेबलला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (अर्थकडे गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) लावा आणि तिची धातूची जाळी अर्थ करा. मात्र सगळे हीटर एकाच आरसीसीबीवर टाकू नका. पाइपवरची एक केबल ओली झाली की क्रँककेस हीटरही बंद होईल आणि कुणाला कळणार नाही. प्रत्येकाला वेगळे, आणि ट्रिप झाल्याची सूचना नियंत्रण कक्षात. हिवाळ्यापूर्वी क्लँप मीटरने करंट बघा : २३० व्होल्टवर ७० वॉटचा हीटर सुमारे ०.३ अँपिअर घेतो. इतका कमी करंट नीट दिसावा म्हणून वायरचे १० वेढे क्लँपमध्ये घाला आणि आलेल्या आकड्याला १० ने भागा. शून्य आले तर हीटर मेलेला आहे.

प्रश्न : केबल आणि ब्रेकर कसा ठरवायचा? थंडीत केबल गार राहते, मग एक माप लहान चालेल ना?

उत्तर : नाही. हीच केबल उन्हाळ्यातही तोच भार वाहणार आहे.

हिशेब असा. समजा दोन कॉम्प्रेसर प्रत्येकी ४० अँपिअर, चार पंखे प्रत्येकी ३, कंट्रोल २. केबलसाठी सर्वांत मोठ्या मोटरचा करंट सव्वापट, बाकी जसेच्या तसे : ५० + ४० + १२ + २ = १०४ अँपिअर. शॉर्ट-सर्किट संरक्षणाची कमाल मर्यादा काढताना सर्वांत मोठी मोटर सव्वादोनपट : ९० + ४० + १२ + २ = १४४. त्याखालचे प्रचलित माप १२५, म्हणून ब्रेकर १२५ चा. केबल एकत्र गुंफलेल्या असोत वा गरम जागेतून जाणाऱ्या, सर्व कपाती करूनही तिची क्षमता १२५ अँपिअरच्या वर राहिली पाहिजे. ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, अंतर ६० मीटर धरले तर १०४ अँपिअरला सुमारे ७ व्होल्ट पडतात, ४१५ व्होल्टवर सुमारे १.७ टक्के. ३ टक्क्यांच्या आत असल्याने चालेल. ३५ च्या फेज वायरला अर्थिंगची तांब्याची वायर किमान १६ चौरस मिलिमीटर.

थंडीचा खरा परिणाम ब्रेकरवर होतो. द्विधातू पट्टीचे साधे ब्रेकर आणि ओव्हरलोड रिले ठरावीक भोवतालच्या तापमानाला जुळवलेले असतात. उघड्यावरच्या गोठलेल्या खोक्यात पट्टी उशिरा वाकते आणि मोटरला जास्त करंट जात राहतो. म्हणून बाहेरच्या पॅनेलमध्ये इलेक्ट्रॉनिक किंवा तापमानाची भरपाई करणारा ओव्हरलोड घ्या.

केबल ओढतानाही जपा. पीव्हीसीचे आवरण शून्याखाली कडक होते आणि वाकवताना तडकते. तडा कित्येकदा आतल्या थरात असतो, दिसतच नाही. ड्रम आदल्या दिवशी उबदार खोलीत २४ तास ठेवा आणि बाहेर काढल्यावर लगेच ओढा. यंत्राजवळच्या लवचिक तुकड्यासाठी थंडीत मऊ राहणारे रबरी आवरण बरे.

प्रश्न : पॅनेल आयपी ५४ चे (धूळ आणि पाण्याचे शिंतोडे अडवणारे) आहे, गॅसकेट नवे आहे, तरी आत पाण्याचे थेंब जमतात आणि रिलेचे पाय गंजतात. पाणी येते कुठून?

उत्तर : इमारतीतून, केबलच्या पाइपातून म्हणजे कंड्युटमधून. आतली उबदार दमट हवा पाइपातून वर येते आणि थंड पॅनेलमध्ये दव धरते. गॅसकेट कितीही चांगले असले तरी ही वाट उघडीच राहते. कंड्युट जिथे उबदार भागातून थंड भागात जातो, तिथे केबलभोवती सीलिंग पुट्टी भरा. केबल पॅनेलच्या तळातून ग्लँडने घ्या, माथ्यावरून कधीच नको. तळाला पाणी निचरणारा प्लग आणि आर्द्रतेवर चालणारा छोटा हीटर लावा. सेन्सरच्या वायरी पॉवर केबलसोबत एकाच पाइपात असतील, तर याच कामात वेगळ्या करून घ्या.

प्रश्न : ग्लायकॉल किती घालावे? गाडीच्या रेडिएटरचे कूलंट चालेल का?

उत्तर : कूलंट चालणार नाही. त्यातले बरेचसे सिलिकेट घातलेले असते. ते पंपाच्या सीलला घासते आणि प्लेटवर थर धरते. औद्योगिक, गंजरोधक मिसळलेले ग्लायकॉलच घ्या, आणि गळती अन्नपाण्याजवळ होऊ शकत असेल तर प्रोपिलीन. एथिलीन विषारी आहे. पाणी क्षारमुक्त केलेले. जस्ताचा मुलामा असलेला पाइप या फेऱ्यात नको. गंजरोधक जस्ताशी भिडतो आणि गाळ तयार होतो.

आकारमानाने ३० टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल सुमारे उणे १३ अंशांपर्यंत, ४० टक्के उणे २१-२२, आणि ५० टक्के उणे ३३ पर्यंत गोठत नाही. तुमच्याकडच्या सर्वांत थंड रात्रीच्या ५-६ अंश खालचा आकडा धरा. उगीच जास्त घालू नका : मिश्रण घट्ट होते, पंपाला जोर लागतो आणि उष्णता कमी वाहते. २५ टक्क्यांखालीही जाऊ नका. पातळ मिश्रणात जिवाणू वाढतात आणि गंजरोधक अपुरा पडतो.

फेऱ्यात १,२०० लिटर मिश्रण आहे, मोजणी २२ टक्के येते आणि ३५ हवे आहे, असे समजा. २०० लिटर काढून तेवढेच शुद्ध ग्लायकॉल घाला. उरलेल्या १,००० लिटरमध्ये २२० लिटर, वर २००, मिळून ४२०. म्हणजे बरोबर ३५ टक्के. रिफ्रॅक्टोमीटरवर प्रोपिलीन आणि एथिलीनच्या मोजपट्ट्या वेगळ्या असतात, योग्य पट्टी वाचा.

आणि आपोआप पाणी भरणारी लाइन बंद करा. ३५ टक्क्यांच्या १,००० लिटरमधून १५० लिटर गळून त्याजागी साधे पाणी आले, तर उरते ३० टक्क्यांहूनही थोडे कमी. दाबमापक मात्र सगळे आलबेल दाखवत राहतो. भरायचे तर टाकीत मिसळलेले मिश्रणच, आणि किती भरले याची नोंद ठेवून.

प्रश्न : फ्लो स्विच सारखा ट्रिप होतो. तात्पुरती वायर जोडून तो बायपास करता येईल का?

उत्तर : नाही, एका रात्रीपुरताही नाही. पाणी थांबले आणि कॉम्प्रेसर चालू राहिला, तर प्लेट बाष्पक काही क्षणांत गोठू शकतो. गाळणी तपासा, फेऱ्यातली हवा काढा, पंप उलटा फिरतोय का बघा. फ्लो स्विचच्या दोन्ही बाजूंना पाइपच्या व्यासाच्या पाचपट सरळ पाइप हवा. वळणाजवळ बसवला तर तो फडफडतो. स्विचच्या वायरी कोरड्या संपर्काच्या, म्हणजे स्वतःची वीज नसलेल्या, असतात. त्यांवर बाहेरून व्होल्टेज दिले तर कंट्रोल बोर्ड जळेल. पंप कॉम्प्रेसरच्या आधी सुरू व्हावा आणि नंतर काही मिनिटे चालत राहावा. शिवाय चिलर बंद असला तरी बाहेरचे तापमान ३-४ अंशांवर आले की पंप आपोआप फिरावा, अशी जोडणी करून घ्या.

प्रश्न : नवा चिलर हिवाळ्यातच पहिल्यांदा सुरू करायचा आहे. मेगर करायचे का? आणखी काय बघावे?

उत्तर : मेगर (इन्सुलेशनची चाचणी) करा, ५०० व्होल्टचा, पण व्हीएफडी, सॉफ्ट स्टार्टर आणि बोर्ड सोडवून. यंत्र व्हॅक्यूममध्ये असताना कॉम्प्रेसरला मेगरही लावू नका आणि वीजही देऊ नका. विरळ वायूत ठिणगी पडून वाइंडिंग जाते. थंडीत आकडा कमी आला तर लगेच मोटर खराब ठरवू नका. वाइंडिंग द्रव गॅस आणि तेलात बुडालेले असू शकते. क्रँककेस हीटर २४ तास चालवून पुन्हा मोजा.

टर्मिनल टॉर्क पान्याने, लिहिलेल्या मापाइतकेच आवळा. फेजचा क्रम मीटरने बघा : स्क्रोल आणि स्क्रू कॉम्प्रेसर उलटे फिरले तर नुकसान होते. क्रम चुकला असेल तर वीज तोडून येणाऱ्या मुख्य केबलच्या दोन वायरी बदला, यंत्राच्या आत हात घालू नका. व्हीएफडीवरचे पंखे मात्र या बदलाने वळत नाहीत. त्यांची दिशा वेगळी तपासून व्हीएफडीच्या पुढच्या बाजूला सुधारावी लागते.

मग भाराखाली तिन्ही फेजांमधला व्होल्टेज मोजा. ४१८, ४१० आणि ३९९ आले, तर सरासरी ४०९, सरासरीपासून सर्वांत मोठा फरक १०, असमतोल २.४ टक्के. मोटरच्या तापमानातली वाढ साधारण असमतोलाच्या वर्गाच्या दुप्पट टक्के असते, म्हणजे इथे सुमारे १२ टक्के जास्त ताप. मर्यादा २ टक्क्यांची. यापुढे यंत्र चालवू नका. आधी सैल जोड आणि भारवाटप सुधारा. पहिल्या काही आठवड्यांनंतर सगळे टर्मिनल पुन्हा तपासा, कारण थंड-गरम होऊन तांब्याचे धागे बसतात.

प्रश्न : आमचा चिलर हिवाळाभर बंदच असतो. पाणी काढून टाकले म्हणजे पुरे का?

उत्तर : प्लेट बाष्पकातून पाणी पूर्ण निघत नाही. ड्रेन उघडल्यावर कोरड्या हवेने फुंकून काढा आणि वर थोडे ग्लायकॉल मिश्रण भरून ठेवा. बाष्पक रिकामाच ठेवणार असाल तर त्याचा हीटर बंद करा, कारण कोरड्यात तो जळतो. क्रँककेस हीटर निदान सुरू करण्याच्या आदल्या दिवसापासून चालू हवा. पाणी आत असताना गॅस काढायची वेळ आली, तर पंप चालू ठेवूनच काढा. बाष्पकातला द्रव गॅस दाब उतरताच उकळतो आणि थांबलेले पाणी गोठवतो. यासाठी बाहेर थंडी असावी लागत नाही. भर उन्हाळ्यातही प्लेट अशीच फुटते.